कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

जुनी गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा मालकाच्या तोंडी बहुतेक वेळा एकच मागणी असते : "जरा कार्बोरेटर ट्यून करून द्या." गाडी उभ्या जागी थरथरते, सिग्नलला बंद पडते, क्लच सोडताना गचके देते, पेट्रोल जास्त खाते, मागून काळा धूर सोडते. लक्षणं वेगवेगळी, पण आरोपी ठरलेला. कारण बॉनेट उघडलं की कार्बोरेटर समोर दिसतो, त्यावर फिरवता येण्याजोगे दोन स्क्रू असतात आणि ते फिरवले की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. आवाज बदलला म्हणजे दुरुस्ती झाली असं मालकाला वाटतं, आणि पुष्कळदा मेकॅनिकलाही.

माझं आयुष्य या कामात गेलं, आणि त्यातला मोठा भाग प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी इंजिन कशावर बसलं आहे ते बघायचं, मग ठिणगी, मग टॅपेट, मग कुठून नको ती हवा शिरते आहे का ते. हे सगळं जागेवर आलं की कार्बोरेटरचं काम थोडंच उरतं. यातलं काही वगळून स्क्रू फिरवले तर आपण दोष काढत नाही, तो झाकतो. आणि झाकलेला दोष पुढे जास्त महागात पडतो.

पद्मिनी ही हे शिकण्यासाठी फार चांगली गाडी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे थोड्याफार बदलांसह प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चार सिलिंडर, बोअर ६८ एमएम, स्ट्रोक ७५ एमएम, म्हणजे १०८९ सीसीचं इंजिन. डोक्यावर एका बॅरलचा सोलेक्स कार्बोरेटर. कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पेट्रोल पंप. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर. सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं चित्र म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिनी मात्र अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करत लोक त्या जपतात, आणि त्यांच्यासाठी मेकॅनिक शोधत फिरतात.

इंजिन ज्या रबरी मांडणीवर बसतं तिला आम्ही गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतो. पद्मिनीत पुढे इंजिनाच्या दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली आधार असतो. लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये रबर व्हल्कनाइज करून चिकटवलेलं असतं. एक पट्टी इंजिनाच्या ब्रॅकेटला, दुसरी चासीच्या बाजूला. हे रबर दोन परस्परविरोधी कामं करतं : इंजिनाला हलू देतं आणि हलूही देत नाही.

चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेटतं. स्लोवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ७५० फेरे धरले तर सेकंदाला पंचवीस धक्के झाले. हे धक्के बॉडीपर्यंत पोचू नयेत म्हणून रबर मऊ हवं. पण पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की चाकांकडे जाणाऱ्या जोराची उलट प्रतिक्रिया, गिअरच्या प्रमाणात वाढून, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांगाड्यावर येते आणि इंजिन एका बाजूला उचलू पाहतं. तेव्हा रबर घट्ट हवं. इंजिन असं रबरावर तोलून बसवण्याची कल्पना १९३१ च्या प्लिमथ गाडीत क्रायस्लर कंपनीने 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने गाजवली आणि फ्रान्सच्या सित्रोएनने तिचा परवाना घेतला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन थेट चासीला आवळलेलं असे, आणि चार सिलिंडरची गाडी म्हणजे दात खडखडवणारी गाडी असंच समीकरण होतं.

आता या रबराचा कार्बोरेटरशी संबंध काय, हा प्रश्न माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक मुलगा विचारतो. मी त्याला अ‍ॅक्सिलरेटरची दांडी दाखवतो. पेडल बॉडीवर आहे, कार्बोरेटर इंजिनावर आहे आणि मधे सळ्या-सांध्यांची जोडणी आहे. फाउंडेशन गेलं, इंजिन डोलायला लागलं, की पेडल आणि कार्बोरेटर यांच्यातलं अंतर बदलतं. पाय न हलता थ्रॉटल उघडतो आणि मिटतो. क्लच सोडताना इंजिन उचललं जातं, त्याने थ्रॉटल ओढला जातो, रेस वाढते, इंजिन आणखी उचललं जातं. मग परत खाली आपटतं, रेस पडते. मालक ज्याला गचके म्हणतो ते हेच. कार्बोरेटरच्या कप्प्यातलं पेट्रोलही त्याबरोबर हिंदकळतं आणि फ्लोटची पातळी स्थिर राहत नाही. अशा वेळी मिक्स्चरचा स्क्रू दिवसभर फिरवला तरी काय उपयोग?

दुसरा संबंध विजेचा आहे आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. इंजिन रबरावर बसलं की बॉडीशी त्याचा धातूचा स्पर्श उरत नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारेची जाड अर्थिंग पट्टी असते. ती तुटली, गंजली किंवा फाउंडेशनचं काम करताना कुणी लावायची विसरला, तर स्टार्टरचा शंभरावर अँपिअरचा करंट परतीची वाट शोधतो, आणि त्याला चोकची केबल सापडते. केबल तापते, आतलं ग्रीस जळतं, पुढे ती आखडते. मग चोक अर्धवट ओढलेला राहतो, गाडी काळा धूर टाकते आणि ठपका पुन्हा कार्बोरेटरवर येतो.

या सगळ्याची साखळी एकाच गाडीत एकत्र बघायला मिळाली ती एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पद्मिनीत. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतलेली. ते गेल्यावर बाईंनी स्वतः चालवायला सुरुवात केली आणि मंडईपासून महाबळेश्वरपर्यंत सगळीकडे त्या तीच न्यायच्या. गाडी बऱ्याच ठिकाणी दाखवून झाली होती. प्रत्येक ठिकाणी कार्बोरेटर उघडला गेला, धुतला गेला आणि ट्यून झाला. प्रत्येक वेळी काही आठवडे बरे गेले आणि मग तेच.

"भाऊ, ही गाडी मला विकायची नाही," बाई म्हणाल्या. "नीट होणार असेल तर तसं सांगा, होणार नसेल तर तसंही सांगा. पण परत येईन तेव्हा तेच ऐकवू नका."

"बाई, आधी बघू द्या. कार्बोरेटर मात्र आज उघडणार नाही."

त्यांना ते विचित्र वाटलं असावं, पण त्या थांबल्या. चाकांखाली दगड लावले, हँडब्रेक ओढला, गॅरेजमधल्या पोराला स्टिअरिंगवर बसवलं आणि पहिला गिअर टाकून क्लच हळूच अर्धा सोडायला सांगितला. बाई बॉनेटशेजारी उभ्या होत्या. क्लच धरताक्षणी इंजिन एका बाजूने उठलं आणि कार्बोरेटरची दांडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हलली. पोराचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता. बाईंनी तेवढ्यावरून सगळं ओळखलं. शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कारण आणि परिणाम वेगळे करून दाखवले की पुढे फार बोलावं लागत नाही.

फाउंडेशन बदलायचं काम वरवर सोपं आहे. ऑइल पॅनखाली जॅक लावायचा, पण थेट नाही. मधे जाड लाकडी फळी हवी, नाहीतर पॅन दबतो आणि आतली ऑइलची जाळी त्याला टेकते. इंजिन रबरावरचं वजन उतरेल इतकंच उचलायचं, त्याहून एक दोराही जास्त नाही. उचलताना पंखा रेडिएटरला लागतो का, वरचा होस ताणतो का, सायलेन्सरचा पुढचा पाइप ओढला जातो का, यावर नजर ठेवायची. अ‍ॅक्सिलरेटरची दांडी आणि अर्थिंग आधी मोकळं करायचं.

एका बाजूचं रबर पट्टीपासून पूर्ण सुटलेलं निघालं. हाताने दाबलं तर ते फुगून मऊ पडलेलं होतं. वयाने मेलेलं रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. मऊ आणि चिकट झालेलं रबर सांगतं की त्याच्यावर ऑइल पडत होतं. वर बघितलं तर रॉकर कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि ऑइल ब्लॉकवरून ओघळून नेमकं त्या फाउंडेशनवर येत होतं. नैसर्गिक रबराला खनिज तेल सोसत नाही. तेव्हा नुसतं फाउंडेशन बदलून गाडी दिली असती तर नवं रबरही त्याच वाटेने गेलं असतं. पॅकिंग बदलणं हे फाउंडेशनच्या कामाचाच भाग झालं.

दुसऱ्या बाजूला रबर बरं होतं, पण बोल्ट चुकीचा होता. या गाड्यांत फियाटच्या पद्धतीने दहा एमएमच्या बोल्टला सव्वा एमएम पिचचे बारीक आटे असतात. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा दहाचा बोल्ट दीड एमएम पिचचा. दोन्ही हातात घेतले तर फरक पटकन कळत नाही. दीडचा बोल्ट सव्वाच्या भोकात सुरुवातीला जातो, मग अडतो, आणि कुणी घाईत लांब टॉमी लावून तो रेटला की आतले आटे कातरले जातात. तसंच झालं होतं. बोल्ट आवळल्यासारखा वाटत होता, पण त्याने काहीच धरलेलं नव्हतं.

बोल्ट धरतो म्हणजे काय करतो, हे समजून घेण्यासारखं आहे. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे दोन पट्ट्या एकमेकींवर इतक्या जोराने दाबल्या जातात की त्यांच्यातलं घर्षणच सगळा भार पेलतं. बोल्टच्या दांड्यावर आडवा भार यायलाच नको. ताण गेला की पट्ट्या सरकायला लागतात, दांडा प्रत्येक धक्क्याला वाकतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून बोल्टच्या डोक्यावरचा आकडा महत्त्वाचा. ८.८ लिहिलेला बोल्ट म्हणजे ज्याचं पोलाद ८०० मेगापास्कलपर्यंतचा ताण घेतं आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचं लांबत नाही. आकडा नसलेला बोल्ट दरवाजाच्या बिजागरीला चालेल, इंजिनाखाली नाही.

बिघडलेलं भोक मोठं करून बारा एमएमचा बोल्ट घालणं हा झटपट मार्ग होता. मी तो घेत नाही. एकदा ब्लॉकचं माप बदललं की ती गाडी पुढच्या प्रत्येकासाठी कोडं होऊन बसते. भोकात हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची पोलादी गुंडाळी, बसवून मूळ सव्वाचे आटे परत मिळवले. वेळ जास्त लागला, पण गाडी कारखान्यातून निघाली त्याच मापावर परत आली.

नवी रबरं आणायला पुण्याच्या नाना पेठेत गेलो. जुन्या गाडीचा सुटा भाग घेताना डबीवरच्या नावापेक्षा अंगठ्याच्या नखावर माझा जास्त विश्वास आहे. नख दाबून बघायचं. रबर दगडासारखं लागलं तर ते वर्षानुवर्षं फळीवर पडून वाळलेलं असतं. वापरलं नाही म्हणून रबर तरुण राहत नाही, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला खातच असतात. रबर आणि पट्टी यांच्या सांध्यावर बोट फिरवून कुठे फट आहे का ते बघायचं. दोन्ही बाजूंची रबरं एकाच कडकपणाची घ्यायची आणि जोडीनेच बदलायची, नाहीतर नवं एका बाजूला आणि थकलेलं दुसऱ्या बाजूला, असं इंजिन कायम तिरकं बसतं. नवे बोल्ट, नवे स्प्रिंग वायसर, नवे लॉक नट. जुना स्प्रिंग वायसर चपटा झाला की त्याच्यात स्प्रिंग उरलेली नसते.

बसवताना एक शिस्त पाळायची : सगळे बोल्ट आधी हाताने सैलसर लावायचे, जॅक उतरवून इंजिनाचं वजन रबरावर येऊ द्यायचं, इंजिन हाताने डोलवून आपली जागा घेऊ द्यायची, आणि मगच आवळायचं. एकेक बाजू पूर्ण आवळत गेलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि नव्या फाउंडेशनवरही गाडी थरथरते. टॉर्क पान्याने आवळायचं, ८.८ च्या दहा एमएम बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर. शेवटी अर्थिंगची पट्टी, तिच्याखालचा रंग आणि गंज घासून, चकचकीत धातूवर लावायची.

एवढं झाल्यावर गाडी सुरू केली. कार्बोरेटरला अजून हात लावला नव्हता, तरी गचके बरेचसे गेले होते.

मग ठिणगीची पाळी. पॉइंटची फट, प्लगची फट, प्लगच्या वायरी, टायमिंग. पॉइंट जळून खड्डे पडलेले असतील तर ठिणगी कमकुवत होते आणि मिक्स्चर कितीही बरोबर असलं तरी अर्धवट जळतं. १-३-४-२ हा पेटण्याचा क्रम, त्यात एकही सिलिंडर मागे पडता कामा नये. एकेका प्लगची वायर काढून रेस किती पडते ते बघितलं की कोण कमी काम करतो ते कळतं. टॅपेट थंड इंजिनावर फिलर गेजने बघायचे. हा भाग कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला पाठ असतो, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. मात्र तो पाठ असूनही घाईत वगळला जातो, म्हणून त्याची आठवण करून देतो.

त्यानंतर हवा. कार्बोरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात मोजदादीबाहेरची हवा मिसळली की ट्यूनिंगला अर्थ उरत नाही. ती तीन ठिकाणांहून येते : कार्बोरेटरच्या बुडाखालच्या पॅकिंगमधून, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून आणि थ्रॉटलच्या दांड्याभोवती. मी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरतो आणि दुसरं या जागांवरून फिरवतो. जिथे हवा शिरते तिथे बारीक शिटीसारखा आवाज ऐकू येतो. बाईंच्या गाडीत कार्बोरेटरचं बूड वाकलेलं होतं. बूड गळतं म्हणून नट जास्त आवळायचा, त्याने ते आणखी वाकायचं, आणि मग पुन्हा आवळायचा, असं वर्षानुवर्षं झालेलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून बूड सपाट होईपर्यंत घासलं. थ्रॉटलचा दांडा झिजून डुगडुगत होता. ओळखीच्या टर्नरकडून पितळी बुश बसवून घेतले.

आता कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करण्याची सोलेक्सची रीत जुनी आणि सुंदर आहे. हवेची वाट मधे अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. हा परिणाम इटलीच्या जोव्हान्नी वेन्तुरी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. त्या कमी दाबाने जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. ना मोटर, ना सेन्सर. इंजिन जितकी हवा ओढेल तितकं पेट्रोल आपोआप येतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि हे प्रमाण सांभाळण्याची सगळी जबाबदारी पितळेच्या काही छोट्या जेटवर असते.

म्हणूनच जेटमध्ये तार घालणाऱ्या माणसाला मी गाडीजवळ उभं करत नाही. सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, एमएमच्या शंभराव्या भागात. १२५ चा जेट म्हणजे १.२५ एमएम. तारेने खरवडून ते भोक १.३० झालं तर व्यासातला फरक डोळ्यांना दिसणार नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं, आणि साधारण तेवढंच पेट्रोलही जास्त जातं. जेट पेट्रोलमध्ये भिजवायचा, हवेच्या प्रेशरने साफ करायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा, एवढंच. बाईंच्या गाडीतला मेन जेट कुणीतरी तारेने मोठा केलेला होता. त्यामागचं कारणही उघड होतं. बुडातून शिरणाऱ्या हवेने मिश्रण पातळ होत होतं, म्हणून जास्त पेट्रोल सोडून ते भरून काढलं होतं. एका दोषावर दुसरा दोष चढवला की गाडी काही काळ चालते. हवा बंद केल्यावर तोच जेट गाडीला काळा धूर टाकायला लावणार होता, म्हणून मूळ मापाचा नवा जेट बसवला. फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरलं आहे का ते पाहिलं, नीडल बदलली आणि कार्बोरेटरमधल्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा नवा घातला. वरून डोकावून थ्रॉटल उघडला की पेट्रोलची सरळ धार दिसायला हवी. ती तुटक असेल तर गाडी पिकअप घेताना अडखळते.

मग शेवटचे ते दोन स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण मोकळा, एअर क्लीनर जागेवर. मिक्स्चरचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत आणि तिथून दीड आटा बाहेर. जोराने आवळला तर त्याच्या टोकाला वळ पडतो आणि नंतर तो कधीच नीट सेट होत नाही. स्लोचा स्क्रू इंजिन जेमतेम टिकेल इतका. मग मिक्स्चर पाव-पाव आटा फिरवायचं आणि प्रत्येक वेळी थांबून ऐकायचं. मिश्रण पातळ असेल तर सायलेन्सरमधून मधेच फट् असा आवाज येतो, ठेका तुटतो. जास्त घट्ट असेल तर आवाज जड होतो, इंजिन एका लयीत लंगडतं आणि डोळे चुरचुरतात. या दोन टोकांच्या मधे एक जागा अशी असते की रेस आपोआप थोडी वाढते आणि आवाज गुळगुळीत होतो. ती सापडली की स्लो पुन्हा कमी करायचा आणि मिक्स्चर पुन्हा तपासायचं. व्हॅक्यूम गेज लावला तर काटा स्थिर आणि जास्तीत जास्त वर असतो ती जागा. पुण्यात तो समुद्रसपाटीपेक्षा जवळपास दोन इंच कमीच दाखवणार, कारण आपण ५६० मीटर उंचावर आहोत. उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि कार्बोरेटरला ते कळत नाही. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, तेच मिश्रण चारेक टक्के घट्ट होतं. बाईंना मी सांगून ठेवलं, की वर गेल्यावर गाडी थोडी जड वाटली तर तिथल्या कुणाला स्क्रू फिरवायला देऊ नका. घाट उतरला की ती आपली आपण बरी होते.

आवाजावर विसंबून थांबायचं नाही. पीयूसीच्या मशीनवर आकडा बघायचा. अशा जुन्या पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. पण मर्यादेच्या आत बसलो म्हणजे झालं, असं मी मानत नाही. हा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या लेकराच्या छातीत तो जातो. जुनी गाडी बाळगण्याचा हक्क आपल्याला हवा असेल तर ती स्वच्छ जळेल ही जबाबदारीही आपलीच आहे.

अलीकडे या कामात आणखी एक गोष्ट आली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा इंधनाला पूर्ण जळायला हवा कमी लागते, १४.७ च्या जागी साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणावर इंजिन तापतं. सेन्सरची गाडी हे आपलं आपण जुळवून घेते, पद्मिनीला माणसाने जुळवून द्यावं लागतं. प्लगचा रंग पांढरट दिसायला लागला तर मी मेन जेट एका आकड्याने मोठा घेतो, तोही मापाचा, विकत घेतलेला. पेट्रोलची रबरी नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालतो, आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका असं सांगतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

मे महिन्यात घाटात पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवून गाडी थंड करणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिले. पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, आणि त्यावरचा उपाय प्रत्येकाला ठाऊक असे. असं ज्ञान रस्त्यावर, एकमेकांना बघून शिकलं जायचं. आता आयटीआयमधून येणाऱ्या मुलाला स्कॅनर लावून कोड वाचता येतो, ते त्याला यायलाच हवं. पण कोड सांगेल तो भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती, अशी सवय त्यातून लागू शकते. म्हणून मी त्याला एकदा तरी पद्मिनी देतो. तिच्यात कोड नसतो. लक्षण दिसतं त्या जागेपासून कारणापर्यंत त्याला स्वतः चालत जावं लागतं. थरथरीपासून रबरापर्यंत, रबरापासून ऑइलपर्यंत, ऑइलपासून गळक्या पॅकिंगपर्यंत. हे चालणं ज्याला जमलं त्याला इंजेक्शनची गाडीही जास्त चांगली कळते.

काम संपलं की प्रत्येक जुन्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक वही ठेवतो. बाईंच्या गाडीतही ठेवली. मेन जेटचा नंबर, पॉइंटची फट, मिक्स्चर किती आटे बाहेर, फाउंडेशन कधी बदललं, कोणत्या भोकात हेलिकॉइल आहे, बोल्ट सव्वाच्या पिचचा आहे, हे सगळं तारीख घालून लिहितो. ही वही मालकापेक्षा पुढच्या मेकॅनिकसाठी आहे. तो कोण असेल मला माहीत नाही, पण माझ्या कामाची खरी तपासणी तोच करणार आहे. त्याला बॉनेट उघडल्यावर मागच्या माणसाने झाकलेले दोष शोधत बसावं लागू नये, मूळ मापाची गाडी आणि खरी नोंद हाती लागावी. जुन्या गाड्या टिकतील त्या सुट्या भागांच्या साठ्यावर नाही, तर एका मेकॅनिकने दुसऱ्यासाठी ठेवलेल्या या खरेपणावर. ज्यांच्या हातात अजून पाना आहे त्यांनी आजपासून अशी वही सुरू करावी.